पिकअपचा लायनर खालून निवडावा

ससून डॉकवरून मासळी भरून निघालेल्या पिकअपच्या मागे सिग्नलला थांबलं की फाळक्याच्या फटीतून पडणारी पाण्याची धार दिसते. बर्फ वितळत असतो, त्यात मासळीबरोबर आलेलं खारं पाणी मिसळतं आणि सगळं हौद्याच्या पत्र्यावरून मागे वाहत येतं. काही वर्षं हेच काम केलेल्या गाडीच्या रिकाम्या हौद्यात डोकावलं तर क्रेट घासून रंग उडालेला तळ, कोपऱ्यांत बोट जाईल अशी भोकं आणि त्यांवर वेल्डिंग करून मारलेली ठिगळं दिसतात. मग मालक लायनर, म्हणजे हौद्याला आतून बसवायचं अस्तर, टाकायचं ठरवतो. दुकानात बोलणं होतं ते जाडीचं, मजबुतीचं, वरून काही आपटलं तर काय होईल याचं. माझं म्हणणं असं की मुंबईत लायनर घेताना आधी त्याच्या खाली काय होणार आहे ते पाहावं.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, हे शाळेत शिकवतात. मिठाचं काम त्यापुढचं आहे. गंजताना पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी पोचतात आणि तिथे ऑक्सिजन त्यांना घेतो. हे विद्युतमंडल पूर्ण व्हायला वरच्या पाण्यातूनही विद्युतभार वाहावा लागतो, आणि तो वाहून नेतात क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. पावसाच्या पाण्यात ते अगदी थोडे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मात्र सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात.

पाणी सुकलं तरी हे क्षार पत्र्यावरच राहतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतला ओलावा ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या क्षारांतलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरतं. मुंबईत हवा त्याहून कोरडी होते ती हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या थोड्याच दुपारी. म्हणजे हाताला कोरडा लागणारा हौदा रात्रभर गॅरेजबाहेर उभा असतानाही गंजत असतो.

आता यावर एखादी शीट झाकली तर? ‘हवाच लागणार नाही, मग गंजेल कसा’ असं बरेच जण म्हणतात, आणि ते पटण्यासारखं वाटतं. पण उलटं घडतं. केंब्रिजमधल्या युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात लोखंडाच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे दाखवलं होतं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. तरी लोखंड विरघळतं ते मध्यभागी. ज्या जागी ऑक्सिजन जास्त, ती इलेक्ट्रॉन घेण्याचं काम करते आणि सुरक्षित राहते. जिथे ऑक्सिजन कमी, ती जागा आपलं लोखंड खर्ची घालून ते इलेक्ट्रॉन पुरवते. सैल शीटखाली अडकलेल्या पाण्याचं अगदी हेच होतं. कडेला हवा, आत हवेचा तुटवडा, आणि झीज आतल्या बाजूला. शिवाय त्या चिंचोळ्या जागेत क्लोराइड साचत जातं, तिथलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं आणि गंजण्याचा वेग आणखी वाढतो. वरून काहीच दिसत नाही. शीट उचलाल तेव्हा पत्र्याचे पापुद्रे हातात येतात.

तयार साच्यातला प्लॅस्टिकचा लायनर, म्हणजे हौद्याच्या आकाराचा, एचडीपीई या टणक प्लॅस्टिकचा ट्रे, मला मुंबईच्या ओल्या कामासाठी म्हणूनच पसंत नाही. तो आपटणं-खरचटणं उत्तम सोसतो, हलका असतो, मासळीच्या पाण्याने त्याचं काही बिघडत नाही. अडचण आहे ती तो आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत. एचडीपीई उष्णतेने पोलादाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावतं. अडीच मीटर लांबीच्या हौद्यात रात्र आणि भर दुपारचं ऊन यांत ४० अंशांचा फरक धरला, तर पत्रा जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढतो आणि ट्रे साधारण १५ मिलिमीटर. रोज एवढं सरकणं, त्यात खड्ड्यांतली थरथर आणि खाली शिरलेली रेती. रंग घासून निघायला आणखी काही लागत नाही. सुक्या मालाची ने-आण करणाऱ्याला हा ट्रे चालेल. त्यातही क्रेट गुळगुळीत प्लॅस्टिकवरून सरकतात हे लक्षात ठेवून माल रस्सीने नीट बांधावा लागेल.

प्लायवूडबद्दल थोडक्यात: स्वस्त आहे, भंगार आणि फर्निचरवाल्यांना सोयीचं आहे, पण ते ओलं राहतं आणि तो ओलावा पत्र्याला चिकटवून ठेवतं. मासळीच्या गाडीत नकोच.

रबर मॅट त्यापेक्षा चांगली, एका अटीवर. ती उचलायची. रबर मालाला धरून ठेवतं, धक्के शोषतं, पण खाली पाणी तेही साठवतं. दिवसाचा शेवटचा फेरा झाल्यावर मॅट फाळक्यावर टाकून हौदा गोड्या पाण्याने धुतला आणि मॅट तशीच वाळू दिली, तर कमी पैशांत बरीच वर्षं निघतात. हे रोज करणारा माणूस गाडीवर आहे की नाही, एवढाच प्रश्न. अडीच मीटर लांब, दीड मीटरहून जरा रुंद हौद्याची आठ मिलिमीटर जाड मॅट चाळीस किलोच्या आसपास भरते, तेव्हा ती दोन तुकड्यांत घ्यावी.

धातूच्या चेकर्ड प्लेटचं, म्हणजे उंचवट्यांची नक्षी असलेल्या जाड पत्र्याचं, आकर्षण आपल्याकडे फार. वीट, डेब्रिज, भंगार यांसाठी ते योग्यही आहे, कारण लोखंडी सळईच्या टोकाला तोंड द्यायला पोलादच हवं. तीन मिलिमीटरची पोलादी प्लेट तेवढ्याच हौद्यात शंभर किलोच्या घरात जाते. तेवढा माल प्रत्येक फेरीला कमी भरायचा, हा हिशेब आधी करावा. पण ‘स्टेनलेस टाका, गंजणारच नाही’ हा सल्ला खाऱ्या पाण्यात अंगाशी येतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यांची बॅटरी होते, आणि जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो संपत जातो. इथे संपतो हौद्याचा साधा पत्रा. वर मोठी स्टेनलेस प्लेट आणि खाली रंग उडालेली लहानशी जागा असेल, तर सगळी झीज त्या लहान जागेवर एकवटते. ॲल्युमिनियमची प्लेट टाकली तर बळी प्लेटचा जातो.

हा धडा ब्रिटिश नौदल अडीचशे वर्षांपूर्वी शिकलं. १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले होते. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा लोखंडी खिळे बऱ्याच ठिकाणी कुजल्यासारखे झालेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. त्यांच्या आणि तांब्याच्या मध्ये पत्र्याच्या वेष्टनाचा खाकी कागद चुकून राहून गेला होता. दोन धातूंचा स्पर्श एवढ्याने तुटला होता. पिकअपमध्ये प्लेट बसवताना मध्ये सलग रबर शीट आणि बोल्टला नायलॉनचे वॉशर घालायचे, ते याच कारणासाठी.

फट राहूच नये असं वाटत असेल तर फवारून बसवलेला लायनर हवा. याचे दोन प्रकार आहेत. पॉलियुरिया तापवलेल्या यंत्रातून प्रचंड दाबाने मारतात आणि तो काही सेकंदांत घट्ट होतो. साध्या गॅरेजमध्ये मिळतं ते बहुधा बेस आणि हार्डनर मिसळून गनने मारायचं पॉलियुरेथेन. दोन्हींत आयसोसायनेट हा घटक असतो, आणि आयसोसायनेट पाण्याशीही क्रिया करतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. पॉलियुरियाची मूळ क्रिया इतकी झटपट होते की हवेतल्या ओलाव्याला फारशी संधी मिळत नाही. पॉलियुरेथेन सावकाश घट्ट होतं, म्हणून त्याला दमट हवा बाधते.

त्याहून मोठा धोका पत्र्यावर न दिसणाऱ्या दवाचा. ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होऊ लागतं तो दवबिंदू; रंगकामातला नियम असा की पत्र्याचं तापमान त्यापेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. जुलैत हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो, म्हणजे काठावर. सकाळी पत्रा हवेपेक्षा जरा गार असला की नियम मोडलाच. जानेवारीच्या दुपारी ३१ अंश आणि ४५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू १८ च्या जवळ असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासळीच्या गाड्या तेव्हाच मोकळ्या असतात आणि मालक तेव्हाच गॅरेज गाठतात. फवारणीसाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ तो. धंद्याचे चार दिवस बुडाले तरी चालतील, पण हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये करून घ्यावं. आधी गंज पूर्ण खरवडून, तेल-चरबी धुऊन, क्षार गोड्या पाण्याने काढून, पत्रा खरबरीत करून मगच फवारणी. मिठावर मारलेला थर कितीही जाड असला तरी फोड येऊन सुटतो.

आणि फवारणाऱ्या पोराकडे पाहा. आयसोसायनेटच्या तुषारांनी कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास कोंडतो. नाकावर बांधलेला रुमाल इथे काही कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसलेल्या, रस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये हे काम स्वस्तात होत असेल तरी करून घेऊ नये.

एक बाजू फवारणीतही राहून जाते, ती हौद्याच्या पोटाची. बर्फाने पत्रा इतका गार होतो की तो दवबिंदूच्या कितीतरी खाली जातो आणि खालून घाम फुटल्यासारखं पाणी सुटतं. त्यावर चाकांनी उडवलेला चिखल बसतो. वरच्या लायनरसोबत खालून गंजरोधक थर मारला नाही तर गंज पत्र्याला खालून वर खात जातो. जळकं ऑइल फासण्याची पद्धत आहे, पण ते पावसात धुऊन जातं आणि गटारातून खाडीत पोचतं.

काम ताब्यात घेताना गाडी किंचित चढावर, तोंड वर करून उभी करावी आणि हौद्यात एक बादली पाणी ओतावं. फवारणीत निचऱ्याची भोकं बुजलेली असतील तर पाणी कोपऱ्यात तुंबेल. ती भोकं तिथेच उघडून, त्यांच्या कडांना पुन्हा थर लावून घ्यावा.