बैलाच्या खांद्यावरून ट्रॅक्टरच्या हुकाले: जुन्या औतांची गोष्ट

आमच्या गोठ्यात आजोबांच्या वेळचा एक वखर (आडव्या पात्यानं वरची माती मोकळी करायचं औत) पडून होता, बाभळीचं दिंड म्हणजे आडवं जाड लाकूड, लोखंडी पास म्हणजे पातं, ते दिंडाला धरणारे जानोळे मात्र मागाहून बदललेले. मागच्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली तेव्हा म्हटलं हाच ट्रॅक्टरच्या मागं लावून पाहू, काय होते एवढं. दांडी कापली, टोकाला लोखंडी कडी बसवली, हुकात पिन घातली आन निघालो, तर दहा पावलांत पासेनं जमिनीत असं नाक खुपसलं की दिंड उभं झालं आन एक जानोळं कडकन तुटलं. गावातल्या वेल्डरनं सगळं पाहून एकच विचारलं, "बैलाचा खांदा किती उंच होता भाऊ?"

सगळं त्यातच आलं. बैलाच्या मानेवरचं जू जमिनीपासून साडेतीन-चार फूट, ट्रॅक्टरचा हूक सव्वा-दीड फूट. जुनं औत त्या उंचीच्या हिशोबानंच बनलेलं असते, दांडी पुढं वर चढत जाते आन पासेचा कोन त्याच चढावर बसवलेला असते. दांडीचं टोक खाली आणलं की पूर्ण औत पुढं झुकते आन जमिनीत घुसते. जुन्या लोकांना हे बिना पुस्तकाचं ठाऊक होतं, जुवाले दांडी आखूड बांधली की औत उथळ चालते, लांब सोडली की खोल जाते. लय उथळ चालला तर दिंडावर एखादा धोंडा ठेवायचा नाहीतर लेकराले बसवायचं (आम्ही बसलो आहोत, मजा यायची).

आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीत वर्षानुवर्षं मुख्य काम वखराचंच होतं हेही लक्षात घ्या. उन्हाळ्यात इथली जमीन भेगाळते, ती एक प्रकारे आपली आपणच नांगरून निघते, म्हणून दरसाल नांगरायची चाल नव्हती. हरळी नाहीतर कुंद्यासारखं चिवट गवत माजलं की काही वर्षांतून एकदा नांगर निघायचा. मग लोखंडी नांगर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावत नव्हते, पहिला नांगर विकायला दोनेक वर्षं गेली म्हणतात. 1910 मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना झाला आन हळूहळू हे नांगर गावोगाव पोचले. वजनदार नांगर, काळी जमीन, म्हणून एकापुढं एक दोन-तीन जोड्या साखळीनं जुंपायच्या. ह्या नांगराच्या तोंडाशी भोकांची पट्टी असते, साखळी वरच्या भोकात घातली की नांगर खोल, खालच्या भोकात घातली की उथळ. ट्रॅक्टरच्या मागं जुनं औत लावताना आजही जी डोकेफोड होते ती ह्याच हिशोबाची, फक्त बैल गेले.

तिकडं अमेरिकेत ट्रॅक्टर आले तेव्हा तिथल्या लोकांनी आधी आपल्यासारखंच केलं, घोड्याच्या औतांच्या दांड्या कापल्या आन हुकाले लावल्या. पंधरा-वीस वर्षं तरी हाच धंदा चालला. पण हुकानं ओढण्यात एक जीवघेणी गोष्ट होती. 1917 ला हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर निघाला, हलका आन स्वस्त, पण नांगर दगडात नाहीतर मुळीत अडकला की मागची चाकं जागेवर राहायची आन पुढचा भाग वर उठून ट्रॅक्टर थेट ड्रायव्हरच्या अंगावर उलटायचा, माणसं मेली त्यात. आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन ह्याच्याच मागं लागला. त्याची आयडिया अशी की औत मागं लोंबकळत ठेवायचंच नाही, खाली दोन आर्म आन वर एक टॉप लिंक असं तीन ठिकाणी धरायचं. नांगर अडकला की टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढं ढकलते, म्हणजे पुढची चाकं उठायच्या ऐवजी दाबल्या जातात, आन तोच दाब हायड्रॉलिकला, म्हणजे तेलाच्या दाबानं औत उचलणाऱ्या लिफ्टला, सांगते की औत थोडं वर घे. पेटंट 1926 चं. 1938 मध्ये ही जोडणी फोर्डच्या ट्रॅक्टरवर बसवायचा हेन्री फोर्डसोबत नुसतं हातात हात देऊन करार झाला, 1939 ला फोर्ड 9एन बाजारात आला, पुढं फोर्डच्या नातवाच्या काळात बिनसलं आन 1952 मध्ये फोर्ड कंपनीला फर्ग्युसनला 92.5 लाख डॉलर मोजावे लागले. तोंडी व्यवहार आपल्याकडंच बुडतात असं नाही. फर्ग्युसनचा स्वतःचा टीई-20 मात्र 1946 ते 1956 ह्या दहा वर्षांत पाच लाखांवर निघाला.

आपल्याकडं स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारची सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन होती, अमेरिकन सैन्यानं मागं सोडलेल्या मशिनी घेऊन कांस गवतानं खाल्लेली जमीन तोडायचं तिचं काम, त्यासाठी 1949 मध्ये जागतिक बँकेचं एक कोटी डॉलरचं कर्जही आलं. हे काम जास्त करून मध्य भारतात झालं, आन तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. हे पट्ट्यावर चालणारे मोठे ट्रॅक्टर, मागं ओढायचे भारी नांगर. पण ते सरकारी, साध्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर कधी आले नाहीत. देशात ट्रॅक्टर बनणं सुरू झालं 1959 ला, फरीदाबादला आयशर. मग मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनवणारी टॅफे कंपनी, मग महिंद्राचा इंटरनॅशनल बी-275, पुढं महिंद्राचा कारखाना आपल्या नागपूरच्या हिंगण्यालाही झाला. फर्ग्युसनचं तीन ठिकाणी धरणं तोवर जगभर रुळलं होतं, म्हणून आपल्याकडं ट्रॅक्टर घरी आला तोच हायड्रॉलिक घेऊन, सोबत नऊ दात्यांचं कल्टिव्हेटर.

म्हणजे काय झालं, अमेरिकेत घोडा, मग हूक, मग हायड्रॉलिक अशा तीन पायऱ्या होत्या, आपण मधातली पायरी जवळपास गाळूनच टाकली. हूक राहिला तो ट्रॉलीपुरता. म्हणून घोड्याचं औत ट्रॅक्टरले कसं लावायचं हे तिकडच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते, आन आपल्याकडं बैलाचं औत ट्रॅक्टरले लावायचं म्हटलं की सगळी अक्कल वेल्डरची. बैलजोडी सांभाळणं महाग झालं, चारा नाही, गडी मिळत नाही, तर वखर, निंदणाचा डवरा, पेरणीची तिफण सगळंच आता त्याच्या दुकानासमोर येऊन पडते.

आमच्या वखराचं त्यानं असं केलं. दांडीच्या टोकाखाली जाड पट्टी उभी वेल्ड केली, खाली लोंबती, तिला चार भोकं. पिन हुकाच्या उंचीवरच राहते पण दांडीचं टोक बैलाच्या वेळेसारखं वर, त्यामुळं पासेचा जुना कोन परत आला. मी म्हटलं एवढी कटकट काहून, साखळीनं वर टॉप लिंकच्या ठिकाणीच बांधू ना, तर तो चिडला. ओढ मागच्या एक्सलच्या वरून गेली की पुढची चाकं उठतात, फोर्डसनची गोष्ट त्यानं कधी ऐकली नसेल पण शेजारच्या गावात एक ट्रॅक्टर उलटलेला त्यानं पाहिला होता. दोन आर्मच्या मधात भोकांची पट्टी असते तिच्यातही अडकवता येते, पण चेक चेन (आर्म आजूबाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) आवळून आन आर्म खाली ठेवून, ओढ सुरू असताना लिफ्ट उचलायची नाही.

खालून पहिल्या भोकात वखर नुसता घासत गेला, दुसऱ्यात थोडा लागला, तिसऱ्यात पास बरोबर बसली. फक्त पहिल्या गिअरमध्ये, रेस कमी ठेवून, कारण बैल तासाला दोन-तीन किलोमीटर चालते आन हे बाभळीचं दिंड त्याच चालीसाठी तासलेलं आहे. दुसरा गिअर टाकला की जानोळे खुळखुळ वाजतात. चौथं भोक अजून वापरलं नाही.