नैसर्गिक वायूजन्य कार्बन उत्सर्जनाची राज्यनिहाय मोजणी

एखाद्या राज्याच्या हद्दीत वर्षभरात वापरलेल्या नैसर्गिक वायूतून किती कार्बन डाय-ऑक्साइड हवेत गेला, याचा हिशेब. हा आकडा सहसा धुराड्यावर यंत्र लावून मिळवत नाहीत, तो वायूच्या खपावरून काढतात. खपाला उष्मांकाने गुणले की ऊर्जा मिळते आणि ऊर्जेला उत्सर्जन गुणांकाने गुणले की कार्बन डाय-ऑक्साइड. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शिकेत नैसर्गिक वायूसाठी हा गुणांक दर गिगाज्यूलला (हे ऊर्जेचे एकक) ५६.१ किलो आहे. त्यानुसार एक किलो सीएनजी जळाला की सुमारे २.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. वजन वाढते ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. स्वयंपाकाच्या पाइप गॅसचे एक घनमीटर म्हणजे साधारण दोन किलो. महिन्याला पंधरा घनमीटरचे बिल येणाऱ्या घराच्या नावावर तीसेक किलो पडतात.

गणित सोपे असले तरी एककांमध्ये घोळ होतो. सीएनजी किलोवर विकतात, घरगुती गॅस घनमीटरवर आणि मोठ्या ग्राहकांची बिले उष्मांकावर, एमएमबीटीयू या ऊर्जेच्या एककात होतात. ही बिले स्थूल उष्मांकावर (धुरातल्या पाण्याच्या वाफेतली उष्णताही धरून) असतात, तर वरचा गुणांक निव्वळ उष्मांकासाठी (ती उष्णता वगळून) आहे. दोन्हींत सुमारे दहा टक्क्यांचा फरक असतो. तो विसरला तर अख्ख्या राज्याचे उत्सर्जन कागदावर तेवढे फुगते.

खरी कसोटी लागते ती हद्द ठरवताना. महाराष्ट्रात हे ठळकपणे दिसते. मुंबई हाय हे तेल-वायू क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे. संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार तिथली संपत्ती केंद्राची, त्यामुळे समुद्रातल्या उत्खनन-फलाटांवर जळणारा वायू राज्याच्या खात्यात सरळ बसत नाही. तोच वायू उरणला येऊन तिथल्या वीज केंद्रात जळला की मात्र महाराष्ट्राचा होतो. दाभोळला जहाजाने उतरणारा द्रवरूप वायू दाभोळ-बंगळूरु पाइपलाइनने पुढे जातो. त्यातला कर्नाटकात किंवा गोव्यात जळलेला वायू त्या त्या राज्याचा धरायचा. म्हणून राज्यात आलेला वायू आणि राज्यात जळलेला वायू हे दोन आकडे एकच समजणे ही या मोजणीतली सर्वांत मोठी चूक ठरते. विजेचे उलट आहे. गुहागर तालुक्यातल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवरची वीज परराज्यांतल्या रेल्वेमार्गांवर गेली तरी धूर इथलाच, म्हणून नोंदही इथेच होते. वापरणाऱ्या राज्यावर तो भार टाकायचा असेल तर वेगळी, उपभोगाधारित मांडणी करावी लागते.

खत कारखान्यांत हिशेब आणखी गुंततो. अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये वायू इंधन म्हणूनही लागतो आणि कच्चा माल म्हणूनही. अमोनिया बनवताना निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड युरियात बांधला जातो आणि शेतात खत पडल्यावर पुन्हा सुटतो. ४५ किलोच्या एका गोणीतून सुमारे ३३ किलो. आयपीसीसीच्या पद्धतीत हा भाग कारखान्यातून वजा करून शेतीखाली, जिथे खत वापरले तिथे, धरतात. गोणी ज्या राज्यात जाते, तिच्याबरोबर हा कार्बनही जातो. कारखान्याने घेतलेला सगळा वायू जळालाच असे मानले, तर तोच कार्बन दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो.

भारतात या नोंदी विखुरलेल्या आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरण वीज केंद्रनिहाय उत्सर्जनाची माहिती प्रसिद्ध करते. हा भाग सर्वांत भरवशाचा. वायूच्या खपाची आकडेवारी पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष देतो. जीएचजी प्लॅटफॉर्म इंडिया या संस्था-समूहाने २००५ पासूनच्या वर्षांचे राज्यनिहाय अंदाज मांडले आहेत. अमेरिकेत ऊर्जा माहिती प्रशासन प्रत्येक राज्याचे वायूजन्य उत्सर्जन घरगुती, व्यापारी, औद्योगिक, वाहतूक आणि वीज अशा क्षेत्रांत विभागून प्रसिद्ध करते. एकाच पद्धतीने काढलेली अशी सरकारी वार्षिक मालिका आपल्याकडेही हवी. कोळसा सोडून वायूकडे वळल्याने राज्याचे उत्सर्जन खरोखर किती घटले, हे त्याशिवाय सांगता येणार नाही.

न जळता गळणारा वायू या हिशेबात येत नाही. पाइपलाइनच्या सांध्यांतून किंवा झडपांतून सुटणारा मिथेन वेगळ्या रकान्यात नोंदवतात. शंभर वर्षांच्या मुदतीत त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरला जातो.