नगर निगम आणि युवा रोजगार प्रशिक्षण (इंदूर)

शहरातील गरीब घरांतल्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्या किंवा शिकूनही काम न मिळालेल्या तरुणांना एखादे कौशल्य शिकवून नोकरीला लावण्याची व्यवस्था. ती नगरपालिका किंवा महानगरपालिकेमार्फत चालते. भारतात तिच्यासाठी पैसा मुख्यतः केंद्र व राज्य सरकारकडून येतो आणि शिकवण्याचे काम बाहेरच्या प्रशिक्षण संस्थांकडे असते. तरुण शोधणे, त्यांची निवड करणे, वर्गांवर देखरेख ठेवणे आणि पुढे काम टिकले की नाही हे पाहणे, ही जबाबदारी पालिकेची असते. मध्य प्रदेशात महानगरपालिकेला नगर निगम म्हणतात. इंदूरमध्ये ८५ वॉर्ड असलेले नगर निगम हे काम पाहते.

इंदूरमध्ये या विषयाची सुरुवात कापड गिरण्यांपासून करावी लागते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात शहरात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, नंदलाल भंडारी अशा गिरण्या एकामागून एक आल्या. परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर या वस्त्या त्यांच्या भोंग्यावर जगल्या. तरुणाला कामाला लावण्याची तिथली रीत ठरलेली होती. बाप किंवा काका खात्यात असे, तो मुकादमाच्या कानावर घाली आणि मुलगा बदली कामगार म्हणून आत जाई. जुन्या कामगाराशेजारी उभा राहून तो तुटलेला धागा सांधायला शिके आणि यथावकाश कायम होई. या रीतीत दोष पुष्कळ होते. ज्याचे कोणी आत नाही त्याला दार बंद असे आणि मुलींना तर ते जवळजवळ नव्हतेच. तरीही शिकणे, पगार आणि पाठीशी उभे राहणारे माणूस या तीन गोष्टी तिथे एकत्र मिळत. आजच्या योजनांना नेमके हेच साधणे सर्वांत जड जाते.

डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. तिच्या सुमारे ५,९०० कामगारांच्या थकीत देण्याचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये हाती आले. या बत्तीस वर्षांत अनेक कामगार वारले आणि त्यांची मुले भाजीची गाडी, हम्माली, रिक्षा, दुकानातली चाकरी असे मिळेल ते काम करत मोठी झाली. त्याच काळात झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन या भागांतून मजुरीसाठी येणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढत गेली. निगमाच्या प्रशिक्षण वर्गांत आज जे तरुण बसतात, ते मुख्यतः या दोन प्रवाहांतले आहेत.

योजनांचा क्रम

शहरी गरिबांच्या रोजगारासाठी केंद्राने १९८९ मध्ये नेहरू रोजगार योजना आणली. ती आणि आणखी दोन योजना एकत्र करून १ डिसेंबर १९९७ पासून स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना सुरू झाली. २००९ मध्ये तिची फेरमांडणी करताना कौशल्य प्रशिक्षणाला वेगळे अंग देण्यात आले. २०१३ मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान आले आणि पुढे त्याला दीनदयाळ अंत्योदय योजनेचे नाव जोडले गेले. या अभियानात बचत गट, फेरीवाले, बेघरांसाठी निवारा अशी अंगे होती. तरुणांसाठी त्यातले महत्त्वाचे अंग म्हणजे कौशल्य प्रशिक्षण व रोजगार. त्यात लाभार्थींपैकी किमान ३० टक्के महिला, ३ टक्के दिव्यांग आणि १५ टक्के अल्पसंख्याक असावेत, तसेच अनुसूचित जाती-जमातींचा वाटा शहरी गरिबांमधील त्यांच्या प्रमाणाइतका असावा, असा दंडक होता. शहरात उपजीविका केंद्र उभारायला १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळे. सुतार, प्लंबर, घरकाम करणारी बाई यांना गिऱ्हाईक मिळवून देणारी एक खिडकी, अशी या केंद्राची कल्पना होती. अभियानाची मुदत २०२४ मध्ये संपली.

वस्तीतली नोंदणी

योजनेची खरी परीक्षा वर्गात शिरण्याआधीच होते. सामुदायिक संघटक वस्तीत फिरतो, पार्षदाच्या (म्हणजे नगरसेवकाच्या) कार्यालयात किंवा अंगणवाडीत टेबल मांडतो आणि अर्ज भरून घेतो. समग्र आयडी, आधार, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक एवढे कागद लागतात. समग्र हा मध्य प्रदेशचा कुटुंब-नोंदणी क्रमांक आहे आणि त्याच्याशिवाय राज्याच्या बहुतेक योजनांचे दार उघडत नाही. अडतात ते बहुधा सर्वांत गरजू. गुणपत्रिकेवर एक जन्मतारीख आणि आधारवर दुसरी, शाळेत 'मुकेश' आणि बँकेत 'मुकेश कुमार', भाड्याच्या खोलीचा पत्ता दर वर्षी वेगळा, कुटुंबाचे समग्र अजून गावाकडचे. आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलाला ही गाठ एकट्याने सोडवता येत नाही. चार ठिकाणी खेटे घालून तो कंटाळतो आणि पुन्हा मजूर चौकात जाऊन उभा राहतो. ज्या वस्तीत संघटक त्याच्याबरोबर सेवा केंद्रापर्यंत चालत जातो, तिथली मुले वर्गापर्यंत पोहोचतात. इतके साधे काम कोणत्याही प्रगती अहवालात मोजले जात नाही, आणि मोजायला हवे ते हेच आहे.

निवड झाली तरी पोटाचा प्रश्न उरतो. रोज मजुरी आणणारा मुलगा दोन-तीन महिने वर्गात बसला, तर तेवढे दिवस घरात त्याची कमाई येत नाही. जाण्यायेण्याचे भाडे किंवा विद्यावेतन वेळेवर मिळाले नाही, तर पटावरची नावे दुसऱ्या महिन्यात गळू लागतात. दोष मुलांच्या आळसाला दिला जातो. तो अन्याय आहे.

काय शिकवले जाते

शिवणयंत्र चालक, ब्यूटिशियन, संगणकावर माहिती भरणे, दुकानातील विक्री सहायक, रुग्णसेवा सहायक, इलेक्ट्रिशियन, दुचाकी दुरुस्ती, फ्रिज व एसी दुरुस्ती हे नेहमीचे विषय. दोन-तीन महिन्यांचे हे वर्ग नंदानगरच्या शासकीय आयटीआयमधल्या एक-दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची जागा घेऊ शकत नाहीत. ते कामाच्या उंबरठ्यापर्यंत नेतात, पुढचे कारखान्यात शिकायचे असते.

शिवणाचेच पाहा. परदेशीपुऱ्यात, जुन्या गिरणी परिसरालगत, तयार कपड्यांचे औद्योगिक संकुल आहे. तिथे हात लागतात आणि वस्तीतल्या अनेक मुलींना घरच्या पायमशीनवर ब्लाउज, फॉल-पिको येतो. वरवर पाहता हा जोड पक्का वाटतो. पण कारखान्यातली मोटरची मशीन, जिला सगळे जुकी म्हणतात, तिचे पॅडल जरा जास्त दाबले की कापड हातातून निसटून पुढे धावते. घरी एकटीने अख्खे कापड शिवायचे असते, तर इथे दिवसभर फक्त कॉलर किंवा फक्त बाही. मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर असते, त्यामुळे हाताला वेग येईपर्यंत पहिल्या महिन्यांची कमाई फार तोकडी पडते. पायमशीनवर शिकवून प्रमाणपत्र दिलेली मुलगी इथे आठवडाभरात परत फिरते. याउलट वर्गात जुकी असेल, शेवटचे काही दिवस प्रत्यक्ष कारखान्यातच बसवले असेल आणि कमाई सुरुवातीला कमी का येते हे आधी समजावले असेल, तर टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. एसी दुरुस्तीत प्रश्न हंगामाचा आहे. माळव्यात मार्च ते जून हे मागणीचे महिने. फेब्रुवारीत बाहेर पडलेली तुकडी लगेच कामाला लागते, जुलैत बाहेर पडलेली पावसाळाभर बसून राहते. निधी मंजूर होण्याच्या तारखांवर तुकड्या ठरतात तेव्हा हे गणित चुकते.

पैसे कशाचे मिळतात

२०१५ मध्ये केंद्राने सर्व कौशल्य योजनांसाठी समान निकष लावले. प्रशिक्षण संस्थेला ३० टक्के रक्कम तुकडी सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्रे मिळाल्यावर आणि उरलेली २० टक्के रक्कम मुले कामाला लागल्यावर मिळते. उत्तीर्णांपैकी ७० टक्के तीन महिन्यांत रोजगाराला लागावेत, त्यांत निदान निम्मे उत्तीर्ण पगारी नोकरीत असावेत आणि वर्षभर त्यांचा मागोवा घ्यावा, अशी अपेक्षा आहे. कागदावर ही रचना शहाणपणाची आहे. व्यवहारात मात्र ८० टक्के पैसा वर्ग आणि परीक्षा यांवरच पदरात पडतो, आणि अवघड असा शेवटचा टप्पा सोडून दिला तरी संस्थेचे फारसे बिघडत नाही. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचे मूळ दुखणे इथे आहे.

दुसरी अडचण पुराव्याची. नोकरी लागल्याचे दाखवायला पगारपत्रक किंवा बँकेतली नोंद लागते. सियागंजचे दुकान, सांवेर रोडवरचा नमकीनचा छोटा कारखाना, राजवाड्याजवळचा कपड्यांचा व्यापारी पगार बऱ्याचदा रोख देतात. तिथे मनापासून काम करणारा मुलगा हिशेबात बेरोजगार राहतो, आणि लांबच्या शहरातल्या कंपनीचे नेमणूकपत्र घेऊन महिन्याभरात परत आलेला मुलगा हिशेबात नोकरदार ठरतो. शहराचा रोजगार जिथे खरोखर आहे, तिथे मोजण्याची रीत अजून पोहोचलेली नाही.

निगम स्वतः काम देणारे

मध्य प्रदेश सरकारने २०१९ च्या फेब्रुवारीत युवा स्वाभिमान योजना सुरू केली. २१ ते ३० वर्षे वयाच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांपेक्षा कमी असलेल्या शहरी तरुणांना वर्षात १०० दिवसांचे काम आणि दरमहा ४,००० रुपये मानधन मिळणार होते. काम नगरीय निकायांनी (म्हणजे शहरी स्थानिक संस्थांनी) द्यायचे आणि त्याच्याच जोडीने कौशल्य शिकवायचे. कमाई आणि शिक्षण एकाच दिवसात बसवण्याचा हा विचार मोलाचा होता, कारण त्याने दोन-तीन महिन्यांच्या उपासमारीचा प्रश्न थेट हाताळला. पण शंभर दिवसांनंतर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. मार्च २०२० मध्ये राज्यातले सरकार बदलले आणि टाळेबंदीही त्याच महिन्यात आली.

२०२३ ची मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना राज्याची आहे, निगमाची नव्हे, पण शहरातल्या मुलांसाठी तिचे महत्त्व मोठे. १८ ते २९ वर्षांच्या तरुणांना कारखान्यात, दुकानात किंवा कार्यालयात बसवून शिकवायचे आणि दरमहा बारावीला ८,०००, आयटीआयला ८,५००, पदविकेला ९,००० व पदवीला १०,००० रुपये द्यायचे, अशी तिची मांडणी. त्यातले ७५ टक्के सरकार देते आणि २५ टक्के मालक. मालक पहिल्या दिवसापासून समोर असणे ही तिची खरी ताकद. मात्र बारावीपर्यंत न पोहोचलेल्या मुलांना तिचा उपयोग फारच मर्यादित होतो, आणि वस्त्यांमध्ये अशी मुले बरीच असतात.

स्वच्छतेच्या कामातून निगमाने आणखी एक वाट दाखवली. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सतत वर राहिलेल्या या शहराला कचरागाडीचे चालक, मदतनीस, सुका कचरा वेगळा करणारे हात मोठ्या संख्येने लागले, आणि पूर्वी उकिरड्यावर कचरा वेचणाऱ्या काहींना वर्गीकरण केंद्रात काम मिळाले. यावर अभिमान बाळगावा तसाच आग्रहही धरावा. कचरा वेचणाऱ्या आईच्या मुलीला याच व्यवस्थेत यंत्रचालक, लेखनिक, पर्यवेक्षक होण्याचा रस्ता असला पाहिजे.

मुली आणि अंतर

पिथमपूर हे इंदूरजवळचे सर्वांत मोठे औद्योगिक क्षेत्र. ते धार जिल्ह्यात, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. नोकऱ्या तिथे आहेत, पण पाळी रात्री सुटते. मालवा मिल भागातली मुलगी साडेदहाला घरी कशी येणार, या प्रश्नापाशी अनेक नेमणुका थांबतात. घरच्यांची भीती खोटी नसते. कंपनीची बस वस्तीच्या तोंडापर्यंत आली, एका गल्लीतल्या तीन-चार मुली एकाच पाळीत घेतल्या, आणि आईवडिलांना एकदा कारखाना दाखवला, तर हीच घरे परवानगी देतात. शहरात महिलांना वाहन चालवण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत आणि बसगाड्यांसाठी राखीव असलेल्या तेव्हाच्या बीआरटीएस मार्गावर महिलांसाठीच्या गुलाबी बसचे स्टिअरिंगही महिलांच्या हाती आले. एक बाई बस चालवताना दिसली की तिच्या वस्तीतल्या दहा घरांत बोलणे बदलते.

परदेशातील अनुभव

न्यूयॉर्क शहर १९६३ पासून उन्हाळ्यात तरुणांना काही आठवड्यांचे पगारी काम देते. १४ ते २४ वयोगटासाठी असलेला तो अमेरिकेतला फार मोठा नगर-कार्यक्रम आहे. शिकागोतील अशाच आठ आठवड्यांच्या कार्यक्रमावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काम मिळालेल्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका पुढच्या १६ महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. पुढच्या कमाईवर मात्र अशा अल्प मुदतीच्या कामाचा ठळक परिणाम दिसत नाही. तिथला तरुण शाळेत असतो आणि सुट्टीत काम करतो, इथल्या तरुणावर घर चालते. म्हणून तिथली योजना जशीच्या तशी इथे बसणार नाही. पण तिथे तरुणाबरोबर एक मार्गदर्शक नेमण्याची पद्धत आहे. उशीर झाला तर मालकाला काय सांगायचे, पगार कापला तर कोणाकडे जायचे, हे तो शिकवतो. इंदूरच्या वर्गांना नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी असे माणूस जोडून देणे निगमाच्या आवाक्यातले आहे. वस्त्यांतल्या बचत गटांच्या बायका हे काम उत्तम करू शकतील, त्यांना त्याचे मानधन मिळाले पाहिजे.