व्यसनप्रतिबंधातील समवयस्क मार्गदर्शन आणि नाट्य

किशोरवयीन मुलांनी तंबाखू, दारू, गांजा अशा पदार्थांच्या वाटेला जाऊ नये म्हणून त्यांच्याच वयाच्या किंवा दोन-चार वर्षांनी मोठ्या मुलामुलींना तयार करून त्यांच्यामार्फत काम करण्याची पद्धत. भूमिकानाट्य, नाटुकली, पथनाट्य आणि प्रेक्षकांना रंगमंचावर बोलावणारे मंचनाट्य ही तिची प्रमुख साधने होत.

पहिली पुडी किंवा पहिला झुरका बहुधा ओळखीच्याच हातून येतो. अशा वेळी माहिती कमी पडते असे नाही; तंबाखूने कर्करोग होतो हे पुडीवरच छापलेले असते. आडवी येते ती भीड. चारचौघांत ‘नको’ म्हणायचे आणि तरी त्याच चौघांत राहायचे, हे कौशल्य सरावाने येते आणि तो सराव मोठ्यांसमोर होत नाही. या पद्धतीचे सारे तर्कशास्त्र एवढ्यावर उभे आहे.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी 1960च्या दशकात मांडणी केली की, विरोधी युक्तिवादाची थोडी चव आधी दिली तर माणूस पुढे त्याला सहज बळी पडत नाही. 1970च्या दशकात ह्यूस्टनमध्ये रिचर्ड एव्हान्स यांनी ती धूम्रपानाला लावली आणि शाळकरी मुलांना त्यांच्याच वयाच्या मुलांवर येणारा दबाव चित्रफितींतून दाखवला. याउलट 1983मध्ये लॉस एंजेलिसात सुरू झालेल्या ‘डेअर’ या व्यसनविरोधी शालेय कार्यक्रमात गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन शिकवत. तो अफाट लोकप्रिय झाला, पण अभ्यासांत व्यसनावर त्याचा परिणाम नगण्य दिसला. 2009पासून ‘डेअर’ने अॅरिझोनातला ‘कीपिन इट रिअल’ हा अभ्यासक्रम स्वीकारला. त्यातल्या चित्रफितींचे प्रसंग विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या अनुभवांवरून घेतलेले होते आणि अभिनयही विद्यार्थ्यांनीच केला होता. नकार देणे, कारण सांगणे, प्रसंग टाळणे आणि तिथून निघून जाणे असे चार मार्ग त्यात शिकवतात.

मार्गदर्शक कोणी निवडायचे, हा कळीचा प्रश्न. शिक्षकांवर सोपवले तर पहिल्या बाकावरची, वक्तृत्व स्पर्धेतली मुले निवडली जातात आणि मागच्या बाकावर त्यांचे कोणी ऐकत नाही. ब्रिटनमधल्या ‘असिस्ट’ प्रयोगाने ही निवड मुलांवरच सोपवली. तुम्ही कोणाला मानता, पुढारी कोण वाटते, असे प्रश्न 12-13 वर्षांच्या मुलांना विचारले आणि सर्वाधिक नावे आलेल्यांना शाळेबाहेर दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले. पुढचे दहा आठवडे त्यांनी भाषण द्यायचे नव्हते. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत गप्पांच्या ओघात सिगारेटचा विषय काढायचा आणि वहीत टिपून ठेवायचा, एवढेच काम. वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधल्या 59 शाळांतले 10,730 विद्यार्थी या प्रयोगात होते. 2008मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, त्यांनुसार यांतल्या ज्या शाळांत असे मार्गदर्शक तयार केले होते, तिथली मुले नियमित धूम्रपानाकडे वळण्याची शक्यता दोन वर्षांच्या काळात सुमारे 22 टक्क्यांनी कमी आढळली.

भारतातला लक्षणीय प्रयोग म्हणजे ‘मैत्री’. दिल्ली आणि चेन्नईतील 32 शाळांत, इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांमध्ये तो दोन वर्षे चालला. वर्गातले उपक्रम, भित्तिपत्रके, पालकांचा सहभाग आणि विद्यार्थी-नेत्यांनी चालवलेली मोहीम असे त्याचे स्वरूप होते. यांतल्या ज्या शाळांत तुलनेसाठी हे उपक्रम राबवले नव्हते, तिथे तंबाखूसेवन 68 टक्क्यांनी वाढले; राबवले तिथे 17 टक्क्यांनी घटले.

नाटकाचा मार्ग मराठी प्रेक्षकाला नवा नाही. 1919मध्ये रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकराला पहिल्या प्याल्याची गळ घालणारा तळीराम हा त्याच्या रोजच्या सहवासातलाच. पण तिथे प्रेक्षक रडतो, टाळ्या देतो आणि घरी जातो. आजची बरीच पथनाट्येही याच वळणाची असतात. 31 मेचा तंबाखूविरोधी दिन किंवा 26 जूनचा अमली पदार्थविरोधी दिन आला की चौकात डफ वाजतो, एक जण झिंगत येतो, आईचा आक्रोश होतो आणि शेवटी यमराज जवळपास ठरलेलाच. सर्वाधिक हशा झिंगणाऱ्याला मिळतो, हे आयोजकांच्या लक्षात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यसनप्रतिबंधविषयक मानकांतही भीती घालणे, एकतर्फी व्याख्याने आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांची आत्मकथने हे प्रतिबंधासाठी निष्फळ मार्ग म्हणून नोंदले आहेत. उपचाराची गोष्ट वेगळी: पुण्यात 1986मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले अनेक जण कार्यकर्ते आहेत आणि तिथे त्यांच्या अनुभवाचे मोल मोठे आहे.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी 1970च्या दशकात घडवलेले मंचनाट्य इथे उपयोगी पडते. भारतात पश्चिम बंगालमधली, 1985मध्ये स्थापन झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था बोआल यांच्या वाटेने काम करते. छोटा प्रसंग आधी शेवटपर्यंत दाखवतात आणि तो नायकाच्या विरोधात संपतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकातला कोणीही ‘थांबा’ म्हणून नायकाच्या जागी उभा राहू शकतो. दबाव आणणाऱ्याची भूमिका बदलून त्याला एकाएकी सज्जन करता येत नाही. तसे झाले तर प्रेक्षकांनी ‘जादू, जादू’ म्हणून अडवायचे. समजा, गॅदरिंगच्या तालमीनंतर सभागृहामागे चौघे उभे आहेत आणि सिगारेट फिरते आहे. पहिला मुलगा नायक होऊन फुप्फुसांवर बोलू लागतो. बाकीचे ‘हो का, डॉक्टर?’ म्हणून त्याची टर उडवतात आणि प्रयत्न फसतो. दुसरी मुलगी नुसती म्हणते, ‘मला नको, तुमचं चालू द्या,’ आणि नाटकातल्या एंट्रीवरून वाद उकरून काढते. सिगारेट तिला ओलांडून पुढे जाते. मग सूत्रधार विचारतो: उद्या पुन्हा आग्रह झाला तर? तिसरा हात वर होतो. कोणता उपाय खरा टिकेल याची पारख तिथे बसलेल्या मुलांना सूत्रधारापेक्षा अधिक असते. प्रसंग मात्र त्यांच्या गावचा हवा. विदर्भातल्या शाळेत सुपारी-तंबाखूचा खर्रा येतो, महानगरातल्या कॉलेजात ई-सिगारेट. बाहेरून आणलेली तयार संहिता सहसा पडते.

या पद्धतीला धोकेही आहेत. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात वाट चुकलेल्या किशोरांचे गट करून कार्यक्रम राबवला, तेव्हा त्यांच्यातले तंबाखूसेवन उलट वाढले. गटातच एकमेकांची शाबासकी मिळू लागली होती. म्हणून असे गट मिश्र ठेवतात आणि सोबत प्रशिक्षित प्रौढ असतो. शिवाय शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003च्या कायद्याने बंदी असूनही फाटकासमोर टपरी चालू राहिली, तर आतल्या नाटकाचा जोर तिथेच ओसरतो. मार्गदर्शक मुलाने समुपदेशक व्हायचे नसते. मित्राला लत लागल्याचे दिसले तर ते गुपित एकट्याने न बाळगता शिक्षक, समुपदेशक किंवा केंद्र सरकारची 14446 ही मोफत दूरध्वनी सेवा यांच्याकडे कसे पोचवायचे, हे त्याला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवावे लागते.