कानठळ्या कागदावर: हेवी मेटलच्या जाहिरातबाजीची पार्श्वभूमी

हेवी मेटल म्हणजे कर्कश, जड गिटारचं रॉक संगीत; ते काढणाऱ्या कुठल्याही छोट्या लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं, प्रसिद्धिपत्रक उघडा. पहिल्या ओळीत बँड 'नरकाच्या भट्टीत घडलेला' असतो. दुसऱ्या ओळीत अल्बम नुसता प्रकाशित होत नाही, पिसाळलेला कुत्रा सोडावा तसा तो जगावर 'सोडला' जातो. तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकणाऱ्याची कवटी फुटलेली असते. खरी कामाची माहिती अगदी तळाशी, बारीक अक्षरात असते: प्रकाशनाची तारीख, कॅटलॉग क्रमांक, बारकोड, सीडी की व्हिनाइलची तबकडी, आणि 'अमुक बँड आवडत असेल तर हाही आवडेल' असं सांगणारी तीन नावं. दुकानदार हा तळ वाचून माल मागवतो. वरची कवटीफोड वाचणारे फार थोडे, तरी ती पन्नास वर्षं लिहिली जाते आहे.

ती सुरू झाली याचं मोठं कारण म्हणजे रेडिओ. हे संगीत दिवसा कुणी वाजवत नसे. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ १ वर टॉमी व्हान्सचा 'फ्रायडे रॉक शो' नोव्हेंबर १९७८ मध्ये सुरू झाला, तोही आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री. कपडा हात लावून बघता येत नसेल तर विकणाऱ्याला पोत तोंडाने सांगावा लागतो, तसंच हे झालं. गिटारचा आवाज कागदावर उमटवायचा तर विशेषणांचाच आवाज चढवावा लागणार.

मात्र पहिली मोठी अतिशयोक्ती बँडच्या डोक्यातून निघालेली नव्हती. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने आपला पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड केला. व्हर्टिगो या लेबलने तो १३ फेब्रुवारी १९७० ला बाजारात आणला. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात. उघडणाऱ्या कव्हरच्या आत उलटा क्रूस छापला होता आणि त्यात एक भयकविता. बँडला कुणी विचारलंही नव्हतं. त्यानंतर जादूटोणा करणारे खरोखर त्यांच्या मागे लागले, आणि बँड गळ्यात सुलटे क्रूस घालून फिरू लागला. ते अ‍ॅल्युमिनियमचे क्रूस ऑझी ऑस्बॉर्नच्या वडिलांनी बनवून दिले होते. अल्बम ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला, आणि लेबलवाल्यांना सूत्र सापडलं.

'हेवी मेटल' हा शब्दही लेबलांनी शोधलेला नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये माइक सॉन्डर्स या समीक्षकाने 'रोलिंग स्टोन'मध्ये हंबल पाय या बँडचा समाचार घेताना तो जवळजवळ शिवीसारखा वापरला. मे १९७१ मध्ये 'क्रीम' मासिकात सर लॉर्ड बाल्टिमोर या बँडबद्दल लिहिताना त्याने तोच शब्द कौतुकाने वापरला. अशा सहा महिन्यांत शिवीची पदवी झाली.

त्यानंतर स्पर्धा लागली ती मोजता येणाऱ्या गोष्टींची: सर्वांत मोठा आवाज, सर्वांत वेगवान, सर्वांत जड. यातला आवाजाचा दावा बारकाईने पाहावा, कारण जाहिरातबाजीचं व्याकरण त्यातच नीट दिसतं. डीप पर्पलच्या लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या १९७२ च्या कार्यक्रमात ११७ डेसिबल मोजले गेले, तीन प्रेक्षक बेशुद्ध पडले, आणि 'गिनेस'ने जगातला सर्वांत कर्कश बँड म्हणून त्यांची नोंद केली. ३१ मे १९७६ ला चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर 'द हू' या बँडचा आकडा आला १२६ डेसिबल, स्पीकरपासून ३२ मीटरवर. यातली ३२ मीटर ही नोंद आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरपासून ३२ मीटरपर्यंत अंतर पाच वेळा दुप्पट होतं, म्हणजे ३० डेसिबलचा फरक. स्पीकरच्या तोंडाशी १२९ मोजलेला आवाज याच हिशोबाने ३२ मीटरवर ९९ च्या आसपास येईल. स्पीकरची भिंत काही एका बिंदूसारखी वागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण मीटर कुठे धरला होता हे न सांगता दिलेला डेसिबलचा आकडा निरर्थक असतो, आणि पत्रकात नेमकं तेच गाळलेलं असतं. मॅनोवॉरने १९८४ मध्ये हा विक्रम आपल्या नावावर करून घेतला आणि १९९४ मध्ये हॅनोव्हरला १२९.५ चा दावा केला. तोवर लोकांच्या कानांची काळजी म्हणून 'गिनेस'ने तो विभागच बंद केला होता. बँडच्या पत्रकांतून मात्र विक्रम काही हलला नाही.

'जड' या शब्दामागे खरं तर मोजता येईल अशी गोष्ट होती. सॅबथच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच. ताण कमी व्हावा म्हणून तो तारा सैल करू लागला, आणि १९७१ च्या अल्बममध्ये काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झवरून ६९.३ हर्ट्झवर आली. 'भूकंप', 'हिमस्खलन', 'रणगाडा' यांतल्या कुठल्याही शब्दापेक्षा हे वाक्य वाचकाला जास्त सांगतं, पण पत्रकात रणगाडाच येतो. १९८४ च्या एका विडंबनपटात अँप्लिफायरचं बटण १० ऐवजी ११ पर्यंत जातं. पुढे मार्शल कंपनीने जेसीएम९०० या अँप्लिफायरवर चक्क २० पर्यंत आकडे छापले. बटणावरचा आकडा म्हणजे डेसिबल नव्हे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ब्रिटनमध्ये या भाषेला कारखान्याचं रूप दिलं ते 'साउंड्स' साप्ताहिकाने. ८ मे १९७९ ला लंडनच्या म्युझिक मशीन या क्लबमध्ये एंजल विच, आयर्न मेडन आणि सॅमसन एकाच रात्री वाजले. जेफ बार्टनने त्यावर लिहिलं आणि संपादक अ‍ॅलन लुईसने मथळ्याला नाव दिलं: 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल', म्हणजे ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट. तिन्ही बँड एकमेकांसारखे वाजत नव्हते. ही लाट कागदावर आधी आली आणि मग तिच्यात उड्या मारायला देशभरचे बँड धावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेडनने स्वतःच्या डेमोच्या (नमुना-रेकॉर्डिंगच्या) ५,००० प्रती टपालाने विकल्या. जून १९८१ मध्ये 'साउंड्स'ची पुरवणी म्हणून 'केरँग' निघालं. गिटारच्या तारांवर हात मारल्यावर होणारा आवाज हेच त्याचं नाव.

टाइपही कामाला लागला. ब्लू ऑयस्टर कल्टने १९७२ मध्ये 'ओ'वर दोन टिंबं चढवली. मग मोटरहेड आले, मॉटली क्रू आले. शेवटच्यांनी ती कल्पना लोवेनब्राउ या जर्मन बिअरच्या बाटलीवरून उचलली. जर्मन माणसासाठी ती टिंबं उच्चार बदलतात, बाकीच्यांसाठी ती शिंगं आहेत. देवनागरीत ही गंमत सांगून समजावी लागते. आपल्याकडे टिंब दिलं की लगेच अनुस्वार होतो.

शब्द पुरेनात तेव्हा रक्त आलं. १९७७ मध्ये मार्व्हलच्या कॉमिकसाठी 'किस' या बँडच्या चौघांनी आपलं रक्त लाल शाईत मिसळलं, न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळच्या कारखान्यात, आणि ते रक्त त्यांचंच असल्याचं नोटरीकडून लिहून घेतलं. काही कुप्या रक्त शाईच्या पिंपात टाकल्यावर एका प्रतीत काय उतरणार, हा प्रश्न गौण. बातमी नोटरीच्या शिक्क्याने झाली. मॅनोवॉरनेही पुढे लेबलचा करार रक्ताने सही करून केला. न्यूकॅसलच्या व्हेनमने १९८२ मध्ये वेगळी वाट धरली. घरी कॅसेट भरल्याने संगीत मरतंय अशी मोहीम रेकॉर्ड कंपन्यांनी त्या काळात चालवली होती. व्हेनमने कव्हरवर तेच वाक्य छापून पुढे जोडलं की व्हेनमही तेच करतंय. स्वतःला हसणारी जाहिरात या धंद्यात विरळाच.

याच सुमारास अगदी खालच्या थरात एक वेगळं साहित्य तयार झालं: टपालातली चिठोरी. झेरॉक्स केलेले कागद कापून खेळातल्या पत्त्याएवढे करायचे आणि प्रत्येक पत्रात वीस-तीस कोंबायचे. पत्र मिळालेल्याने ती चिठोरी पुढच्या पत्रात घालायची. एवढ्याशा जागेत बँडचा वाचता न येणारा लोगो, पत्ता, टपालखर्चासकट डेमोची किंमत आणि दोन ओळींची विशेषणं एवढं बसवायचं. जागा कमी म्हणून विशेषणं टोकाची. तिकिटांवर गोंद फासून पाठवत, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येई. घाईत चुका होतच. १९८२ मध्ये मेटल ब्लेड या लेबलच्या एका संकलनाच्या पहिल्या छपाईत मेटॅलिका या नावात एक 'टी' जास्त पडला. म्हणून पत्रक छपाईला जाण्याआधी विशेषणांवर वाद घालत बसण्यापेक्षा बँडचं नाव एकेक अक्षर करून दोघांनी तपासावं.

अतिशयोक्ती कुठवर जाऊ शकते हे नॉर्वेत दिसलं. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फांटोफ्टचं लाकडी चर्च जळालं. जानेवारी १९९३ मध्ये बर्झम या एकट्याच्या बँडच्या वार्ग विकरनेसने 'बर्गेन्स तिदेंडे' या वृत्तपत्राला नाव न देता मुलाखत दिली आणि चर्च आम्ही जाळतो असं सूचित केलं. लोकांना घाबरवावं आणि ऑस्लोमधल्या 'हेल्वेटे' या रेकॉर्डच्या दुकानाकडे गिऱ्हाइकं वळावीत, असा हेतू असल्याचं त्याने पुढे सांगितलं. मुलाखत छापून येईपर्यंत पोलिसांनी त्याला उचललंही होतं. पोलीस आणि पत्रकारांची वर्दळ वाढली आणि दुकानमालक युरोनिमसने दुकानच बंद केलं. जाहिरातीने दुकान बुडवल्याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं सापडणं कठीण. बर्झमच्या त्या वर्षीच्या ईपीच्या (छोट्या अल्बमच्या) कव्हरवर जळक्या फांटोफ्टचा फोटो होता आणि सुरुवातीच्या हजार प्रतींसोबत लायटर. मार्च १९९३ मध्ये 'केरँग'ने मुखपृष्ठावर हा विषय घेतला. ऑगस्टमध्ये विकरनेसने युरोनिमसचा खून केला, आणि १९९४ मध्ये खून व चर्च जाळल्याबद्दल त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर 'आम्ही खरे, बाकीचे खोटे' ही ओळ पत्रकात लिहिणाऱ्यांना निदान क्षणभर थांबावं लागलं. फार कुणी थांबलं नाही.

आज गाणं दहा सेकंदांत ऐकता येतं, तेव्हा शब्दांनी आवाज सांगायची गरज संपली आहे. तरी साचा तोच आहे, आणि त्यात काय बिघडतं तेही ठरलेलं आहे. 'कुठल्याही चौकटीत न बसणारा' असं लिहिलं की दुकानदाराला सीडी कुठल्या खणात ठेवायची ते कळत नाही. ती 'इतर'मध्ये जाते आणि तिथेच राहते. 'आवडत असेल तर' या ओळीत सात बँड टाकले की ओळ मेली. तीन पुरे, त्यातलं एक तरी दुकानात खरोखर विकलं जाणारं असावं, आणि तिन्ही एकाच थाटाचे नसावेत. छापील मासिकाला अल्बम साधारण तीन महिने आधी लागतो, वेबसाइटला सहा ते आठ आठवडे. ढोलवाला बदलला आणि पत्रक जुनंच राहिलं तर मुलाखतकार नसलेल्या माणसाबद्दल विचारतो. निर्माता, स्टुडिओ, मिक्सिंग आणि मास्टरिंग कुणाचं ही नावं पहिल्या अर्ध्या पानात हवीत, कारण जाणकार तीच शोधतो. घाईतला समीक्षक पत्रकातलं वाक्य जसंच्या तसं उचलतो, त्यामुळे चुकीची तारीख एका ठिकाणी दिली तरी ती दहा ठिकाणी उमटते. आणि सैतानाचा आकडा म्हणून '६६६ प्रतीच' असं लिहायचं असेल तर हाताने क्रमांक टाकायला माणूस आधी ठरवावा.

आपल्याकडे नाटकांच्या जाहिरातीतल्या 'तुफान विनोदी'ला कुणी मोजपट्टी लावत नाही, तशीच सूट मुंबईच्या रॉक पोस्टरांनाही मिळत आली. धोबी तलावाच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम होत, 'इंडिपेंडन्स रॉक' १९८६ पासून भरू लागला, आणि १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघालं तेव्हा देशी बँडना पत्रक पाठवायला एक नेमका पत्ता मिळाला. इथल्या पत्रकांतला ठरलेला दोष म्हणजे 'भारतातला पहिला'. हा दावा पुराव्याने टिकत नाही, कारण इम्फाळ, शिलाँग, बंगळुरू, कोलकाता इथलं कुणीतरी आधीची कॅसेट घेऊन पुढे येतंच. त्याऐवजी शहर, वर्ष आणि डेमोतल्या गाण्यांची संख्या लिहिली तर कुणी खोडू शकत नाही. आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून जगदौऱ्याची सुरुवात केली, तेव्हा बँड, त्यांची माणसं आणि सामान बोइंग ७५७ ने आलं होतं आणि वैमानिकांत बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन होता. त्या दौऱ्याच्या बातम्यांत विशेषणं शोधावी लागतात.