राउटरचे मुक्तस्रोत फर्मवेअर

राउटरच्या फ्लॅश मेमरीत साठवलेल्या आणि तो सुरू होताच त्याचा ताबा घेणाऱ्या प्रणालीला फर्मवेअर म्हणतात. तिचा सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा बांधता येत असेल, तर ती मुक्तस्रोत ठरते. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याने जीपीएल या, वाटलेल्या सॉफ्टवेअरचा कोडही द्यायला लावणाऱ्या परवान्याच्या अटीनुसार त्याचा कोड २००३ मध्ये खुला झाला आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्तस्रोत फर्मवेअरचा प्रकल्प उभा राहिला. उत्पादकाने अपडेट देणे थांबवल्यानंतरही धडधाकट राउटर सुरक्षितपणे वापरता येतो, हा या फर्मवेअरचा सर्वांत मोठा लाभ होय.

सर्वाधिक सावधगिरी डाउनलोड करतानाच बाळगावी लागते. एकाच नावाच्या राउटरच्या दोन आवृत्त्यांत चिप निराळी असू शकते. म्हणून तळाच्या लेबलवरील ‘व्ही१’, ‘व्ही२’ हा बारीक अक्षरांतला उल्लेख आधी वाचावा. मूळ फर्मवेअरवरून येताना बहुधा ‘फॅक्टरी’ फाइल लागते, तर पुढील अपडेटसाठी ‘सिसअपग्रेड’. फ्लॅश करण्यापूर्वी, म्हणजे फाइल राउटरच्या मेमरीत लिहिण्यापूर्वी, तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली हे पडताळणारा संकेतांक) प्रकाशित चेकसमशी जुळवून पाहावा.

तयार फाइल पुरेशी नसेल, तर लिनक्स संगणकावर गिट या कोड-व्यवस्थापन साधनाने कोड उतरवून, फीड्स (जादा पॅकेजांचे संग्रह) अद्ययावत करून, ‘मेक मेनूकॉन्फिग’ या निवड-यादीत राउटर आणि पॅकेजे (सॉफ्टवेअरचे सुटे भाग) निवडून फर्मवेअर बांधणारी ‘मेक’ ही आज्ञा चालवतात. संगणकाचा आणि राउटरचा प्रोसेसर सहसा भिन्न असल्याने आधी राउटरसाठीचा कंपायलरच (कोडचे प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बांधला जातो. त्यामुळे पहिल्या बिल्डला बराच वेळ लागतो. केवळ पॅकेजे बदलायची असतील, तर आधीच बांधलेल्या भागांतून फाइल जुळवणारा इमेज बिल्डर पुरतो.

नव्या ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, सर्वाधिकार असलेल्या रूट वापरकर्त्याला पासवर्ड नसतो आणि वाय-फाय सहसा बंद असते; पासवर्ड ठेवल्याशिवाय ते सुरू करू नये. लुसी या सेटिंगच्या वेबपानावरून केलेले बदल यूसीआय या सेटिंग-व्यवस्थेच्या साध्या मजकूर फाइलींत उतरतात. नेहमीच्या रचनेत मूळ प्रणाली स्क्वॅशएफएस या फक्त वाचता येणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये अबाधित राहते आणि बदल वरच्या ओव्हरले थरात जातात, म्हणून तो थर पुसला की राउटर पूर्ववत होतो. सेटिंग चुकून संपर्कच तुटला, तर केलेले बदल बाजूला ठेवून राउटर सुरू करणारा फेलसेफ मोड कामी येतो. फ्लॅशिंगच फसले आणि बूटलोडर (फर्मवेअर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) शाबूत असला, तर अनेक राउटर टीएफटीपी या साध्या फाइल-पाठवणी पद्धतीने किंवा सिरियल केबलने पुन्हा जिवंत करता येतात.