सेकंडहॅन्ड लॅपटॉपची तयारी (ग्रामीण विदर्भ)

सेकंडहॅन्ड लॅपटॉपची तयारी म्हणजे दुसऱ्यानं काही वर्षं वापरलेला लॅपटॉप घेऊन तो उघडून साफ करणं, त्यात एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फाइली साठवायची चिप) अन् रॅम (चालू कामाची मेमरी) टाकणं आणि नव्यानं विंडोजसारखी सिस्टीम भरून तो कामाचा करणं. आपल्याकडं गावात एमपीएससीची तयारी करणारी पोरं, ऑनलाइन फॉर्म भरणारे सेंटरवाले, हिशोबाचं काम करणारे असे लॅपटॉप घेतात. कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे मॉडेल घेतले तर बरं, कारण बहुतेकांचं खालचं झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं निघतं आणि पार्टही मिळतात.

घेताना दुकानातच दोन गोष्टी बघायच्या. एक, बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड तर नाही ना, कारण असला तर तो काढणं फार कटकटीचं. दुसरी बॅटरी: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत) powercfg /batteryreport टाइप करून एंटर मारलं की एक फाइल बनते, त्यात मूळ क्षमता आणि आता फुल चार्ज किती होतो हे दोन्ही आकडे असतात. मूळ ५०,००० अन् आता २०,००० दिसलं तर नवीन बॅटरीचे पैसे धरूनच भाव करा.

स्लो चालतो म्हणून लोक क्लीनर सॉफ्टवेअर टाकत सुटतात, त्यानं काही होत नाही, उलट अजून एक प्रोग्राम डोक्यावर बसतो. खरा अडथळा जुनी हार्डडिस्क असते. तिच्यात चकती फिरते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे, आणि प्रत्येक छोट्या फाइलसाठी ती वाचणाऱ्या हेडला जागा बदलावी लागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून साधी २५६ जीबीची साटा एसएसडी (जुन्या हार्डडिस्कच्याच जोडणीवर बसणारी) टाकली तरी मशीन इतकं पळतं की जुनं तेच आहे हे ओळखू येत नाही. त्यानंतर रॅम, ४ ची ८ जीबी. डीडीआर३, डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या, डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही, आणि काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथं वाढवायला जागाच नसते.

आता गरमीचं. ही गोष्ट विदर्भात सगळ्यात जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडंच कुणी बघत नाही. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशापर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडं चंद्रपूर, अकोल्याला मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो. प्रोसेसर तापला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, मग एसएसडी टाकूनही दुपारी मशीन रांगते. कापसाच्या गावातला एक लॅपटॉप मी उघडला होता तर फॅन अन् जाळीच्या मधात धूळ आणि कापसाचे तंतू मिळून चक्क गोधडीच्या तुकड्यासारखा थर बसला होता, चिमट्यानं धरला तर अख्खा निघून आला. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो जोरात फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. प्रोसेसरची गरमी बाहेर नेण्यासाठी त्याच्यावर लावलेली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावा. आणि खाटेवर गादीवर ठेवून वापरू नका, खालच्या फटी बंद होतात. कूलरच्या थेट झोतातही नको, त्यात ओल असते.

सिस्टीम: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अन् इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याच्या आधीचं मशीन असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या सिस्टीमची एक्सएफसीई (Xfce) आवृत्ती टाकावी, फुकट आहे, हलकी आहे, मराठी टायपिंगही होतं. फक्त आपलं एखादं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही का, हे आधी तपासा.

राहिली लाईन. चार्जर तीन पिनचा असतो पण गावात बऱ्याच घरी अर्थिंगच नसते, मग धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. लोक लॅपटॉप खराब आहे म्हणून परत न्यायला निघतात. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.